वाचकांचे प्रश्न : ‘जनगणमन’ नेमकं कुणासाठी लिहिलं?

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला एक मजकूर फिरतो, की टागोरांनी ‘जनगणमन’ पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबारासाठी लिहिलं. खरं काय?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी तारखा बघा, निम्मा वाद तिथेच मिटतो. दरबार भरला दिल्लीत, १२ डिसेंबर १९११ ला. हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं ते २७ डिसेंबरला कलकत्त्यात, काँग्रेस अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी. राजा कलकत्त्यात पोचला ३० तारखेला.

मग ही वावडी उठली कुठून? दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याने मवाळ मंडळी खुशीत होती. त्याच २७ तारखेला राजाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याची स्तुती करणारं एक वेगळं हिंदी गीतही म्हटलं गेलं. दुसऱ्या दिवशी ‘स्टेट्समन’, ‘इंग्लिशमन’ या गोऱ्यांच्या पत्रांनी दोन्ही गाण्यांची सरमिसळ केली आणि राजस्तुती टागोरांच्या खात्यावर टाकली. ‘बेंगॉली’ या देशी पत्राने मात्र टागोरांचं गीत देशभक्तीपर असल्याचं छापलं होतं.

अर्थात, अफवेला एक खरा धागा आहे. सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने टागोरांकडे राजाच्या जयजयकाराचं गाणं मागितलं होतं. टागोरांनीच १० नोव्हेंबर १९३७ ला पुलिनबिहारी सेन यांना पत्रातून हे कळवलं. मागणी ऐकून आपण थक्क झालो, संतापलो आणि त्याच तिरमिरीत भारतभाग्यविधात्याचा जयघोष लिहिला. युगायुगांचा तो सारथी कुठलाच जॉर्ज असू शकत नाही, हे त्या मित्रालाही उमगलं, असा पत्राचा आशय. पण पत्र घटनेनंतर २६ वर्षांनी लिहिलेलं, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. जास्त भक्कम पुरावा लगेचचा आहे. जानेवारी १९१२ मध्ये ब्राह्मसमाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त हे गीत ब्रह्मसंगीत, म्हणजे ईश्वराचं प्रार्थनागीत, म्हणून छापून आलं. शिवाय मूळ गीताला पाच कडवी आहेत आणि आपण म्हणतो ते फक्त पहिलं. तिसऱ्यात ‘चिरसारथि’ येतो, चौथ्यात थेट ‘स्नेहमयी तुमि माता’. जॉर्जला माता कोण म्हणेल? पाचव्यातला ‘राजेश्वर’ तेवढा विरोधक उचलतात.

एक विनंती. ‘टागोरांनी सर ही पदवी परत केली, म्हणजे ते राजनिष्ठ नव्हते’ हा मुद्दा या वादात आणू नका. पदवी मिळाली १९१५ ला, परत केली १९१९ ला, जालियनवाला बागेनंतर. १९११ च्या गाण्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. युनेस्कोने या गीताला जगात पहिला नंबर दिल्याचं सांगतात, ती तर शुद्ध थाप.

प्रश्न : फाशी गेलेल्यांच्या ओठांवर ‘वंदे मातरम्’ होतं. मग ते मागे कसं पडलं?
— एक वाचक, भगूर

उत्तर : घटना समितीत यावर मतदान झालंच नाही. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी अध्यक्ष म्हणून निवेदन केलं : ‘जनगणमन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. त्याआधी, ऑगस्ट १९४८ मध्ये, नेहरूंनी कारण सांगितलं होतं. १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं, तेव्हा हाताशी ‘जनगणमन’ची तबकडी होती. वाद्यवृंदाने ते वाजवलं आणि ऐकणाऱ्यांना ते आवडलं. बँडवर कोणती चाल बसते, हा विचार या निवडीत मोठा होता. निवड पटो न पटो, निकष हा होता.

प्रश्न : आमच्या शाळेत राष्ट्रगीत सव्वा मिनिट चालतं आणि शेवटी मुलांचे आवाज फाटतात.
— संगीत शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : ठरलेला वेळ सुमारे ५२ सेकंद. जादा वेळ बहुधा दोन ठिकाणी जातो : प्रांतांच्या नावांमध्ये थांबण्यात आणि ‘जय हे’चा ‘हे’ ताणण्यात. पेटीवरचे सुरुवातीचे सूर मोजू नका, ‘जन’पासून घड्याळ लावा. आवाज फाटतो तो पहिल्या ‘जय हे’ला, कारण तिथे तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, लागतो. म्हणून पट्टी ठरवताना ‘जनगणमन’ म्हणून बघू नका. आधी ‘जय हे’ म्हणवून घ्या. ते सगळ्या वर्गाला जमलं, की तीच पट्टी कायम. नाहीतर एक-दोन पट्ट्या खाली या. शब्दांत ‘गाहे’चं ‘गाये’ आणि ‘उच्छल’चं ‘उच्छ्वल’ होतं. आधी फळ्यावर लिहून, चाल न लावता वाचून घ्यावं.

प्रश्न : थिएटरात उभं न राहिल्यास गुन्हा होतो का?
— एक वाचक, कॉलेजरोड

उत्तर : थिएटरात राष्ट्रगीत लावण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ ला केली आणि ९ जानेवारी २०१८ ला ते ऐच्छिक ठरवलं. लावलं तर उभं राहायचं, अपंगांना सूट. मात्र माहितीपट किंवा वार्तापटाचाच भाग म्हणून ते वाजलं, तर उभं राहणं अपेक्षित नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती मुद्दाम राष्ट्रगीत म्हणू न देणाऱ्याला किंवा म्हणणाऱ्यांत गोंधळ घालणाऱ्याला. आदराने उभं राहून न गाणाऱ्या केरळमधल्या तीन मुलांना शाळेने काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. तेव्हा शेजारचा बसून राहिला म्हणून त्याची कॉलर धरू नका. तसं केलंत तर पोलिसांत तुमच्यावरच तक्रार होईल.