कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, वय ३४. तरी डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए ही हृदयविकाराचा धोका बघायची रक्ततपासणी लिहिलीय. करावी का? उपाशीपोटी करतात का?

करा. उपाशी राहायची गरज नाही. निपाणीत रक्त घेणाऱ्या मुलीनं "ऊटा आतेनरी?" म्हणजे जेवलात का, असं कानडीत विचारलं, मी झुणका-भाकरी सांगितली, तिनं मान डोलावली आणि सुई टोचली.

नॉर्मल आहे म्हणून सोडू नका. बाबांचंही नॉर्मलच होतं. ४९ व्या वर्षी चिकोडीच्या बाजारातून बसस्टँडकडे येताना गेले. तेराव्याला भर पंगतीत आत्या आईला म्हणाली, "तुझ्या तुपानं घालवलं माझ्या भावाला." आईनं तेव्हापासून तूप कढवलं नाही. लोण्याची बरणी माळ्यावर पालथी आहे, २२ वर्षं.

मागच्या वर्षी माझा आकडा आला डेसिलिटरला ९६ मिलिग्रॅम. ५० च्या वर म्हणजे जास्त. हा एलडीएलसारखाच, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसारखाच कण, अंगाला एक जादा प्रथिन चिकटलेलं. तो किती तयार व्हायचा ते जनुकं ठरवतात, ताटातलं तूप नाही. वारशानंच येतो, म्हणून आईलाही घेऊन गेलो. तिचा आला ८. म्हणजे माझ्यात आला तो बाबांकडून. रिपोर्ट वाचून दाखवला तर तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे तुपानं नव्हे?"

तुमचा जास्त आला तर भाऊ-बहीण, मुलं, काका, आत्या सगळ्यांना तपासायला लावा. आत्यांना तर नक्कीच! माझी म्हणते, "मला काय धाड भरलीय?" तिचा मुलगा ३८ चा आहे, रात्रीचा ट्रक चालवतो. तिचा हट्ट त्याला महागात पडायचा.

बहुतेकांना ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते. चिठ्ठीवर लायपोप्रोटीनपुढे 'स्मॉल ए' आहे ना बघा, अपो-ए-वन ही वेगळीच तपासणी. काही लॅब नॅनोमोलमध्ये आकडा देतात, तिथं १२५ च्या वर जास्त. गुणाकार करून एकाचा दुसरा काढत बसू नका. स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीनं, हा आकडा उतरत नाही, तरी डॉक्टरांनी दिली तर घ्या, एलडीएल खाली राहिलेलं बरं. सोबत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, लिहिलं असेल तर मात्र उपाशी जायचं का ते लॅबला विचारा.

आणि हो, बाबा तंबाखू खायचे. तेही आलंच हिशेबात. तूप वाटीनं प्या असंही मी म्हणत नाही.

आईच्या रिपोर्टची झेरॉक्स मी आत्याच्या घरी देऊन आलोय. अजून फोन नाही.