इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, वाढवल्या तर रडारसारख्या मायक्रोवेव्ह लहरींचं शोषण वाढतं का?

एका मर्यादेपर्यंतच. नाशिकच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये तुम्ही नॅनोट्यूबचं प्रमाण वाढवलं आणि शोषण उलट कमी झालं, हे अगदी अपेक्षित आहे.

शोषायची तर लहर आधी आत शिरायला हवी. मोकळ्या हवेचा इम्पिडन्स, म्हणजे लहरीला होणारा अडथळा, सुमारे 377 ओहम. तुमच्या इपॉक्सीच्या पट्टीचा त्याच्या आसपास असेल तरच लहर आत जाते. नळ्या एकमेकींना टेकून सलग जाळं दाट झालं, की पट्टी धातूच्या पत्र्यासारखी वागते आणि लहर पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. याला शील्डिंग (लहर अडवणं) म्हणा, शोषण नव्हे. तुमच्या पॅनलला नेमकं काय हवंय, हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट जाडीची, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 10 गिगाहर्ट्झला हवेत तरंगलांबी 30 मिलिमीटर. पदार्थाची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) 9 असेल तर आत तरंगलांबी तिच्या वर्गमुळाने, म्हणजे 3 ने भागून, 10 मिलिमीटर होते, म्हणजे मागे धातू लावलेल्या पट्टीला चौथा हिस्सा, साधारण अडीच मिलिमीटर जाडी लागते. थोडी घासली तरी शोषणाचं शिखर दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सरकतं. मागे धातू असताना उणे 10 डेसिबल परावर्तन म्हणजे 10 टक्केच ऊर्जा परतली, 90 टक्के शोषली.

प्रमाण कमी करा, थोडी मॅग्नेटाइटची (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडची) भुकटी मिसळून पाहा. चुंबकीय क्षय मिळतो, म्हणजे लहरीची ऊर्जा चुंबकीय परिणामानेही उष्णतेत जाते, आणि इम्पिडन्सही जुळायला मदत होते. ओझरला सुखोई लढाऊ विमानं जुळवली गेली त्या जिल्ह्यात विद्यार्थी हा विषय घेतात, याचा मनापासून आनंद आहे. ओतण्याआधी मिश्रणाचा थेंब काचेवर पसरून उजेडात बघा: काळे गोळे दिसले तर अजून ढवळायचंय.