वाचकांचे प्रश्न : डिफेनबेकिया आणि घरातले मांजर

प्रश्न : सासूबाईंनी हौसेने वाढवलेली डिफेनबेकियाची कुंडी आमच्या ओटीवर आहे. गेल्या आठवड्यात मांजरीने तिचे पान चावले आणि तासभर तिच्या तोंडातून लाळ गळत होती. झाड विषारी आहे, असे शेजारी म्हणतात. ते काढून टाकावे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : शेजारी म्हणतात ते खरे आहे. डिफेनबेकिया अळूच्याच कुळातली आहे. अळू कच्चे राहिले की घसा खवखवतो आणि म्हणून आपण त्यात चिंच किंवा आमसूल घालून ते भरपूर शिजवतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे सुटते. डिफेनबेकियाच्या पानात आणि खोडातही असेच स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत व हिरड्यांत रुततात, आग होते, लाळ गळते आणि कधी उलटीही होते. बहुतेक वेळा मांजर तोंड भाजल्यासारखे होऊन पहिल्याच घासाला पान सोडून देते, म्हणून जिवावर बेतण्याचे प्रसंग कमी येतात. तरीही पुन्हा तसे घडल्यास तोंड ओल्या फडक्याने हलकेच पुसावे, पाणी प्यायला ठेवावे आणि उलटी मुळीच करवू नये. जीभ किंवा गळा सुजला, श्वास घेताना त्रास दिसला किंवा मांजर खाईनासे झाले, तर चावलेल्या पानाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्यकाकडे जावे.

झाड टाकून देण्याची गरज नाही, पण ओटीवर ते राहू नये. उंच फळीचा भरवसा धरू नका, मांजर तिथेही चढते. ज्या खोलीचे दार बंद राहते, तिथल्या उजेडाच्या खिडकीपाशी कुंडी हलवा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की माती लवकर सुकत नाही, आणि रोज पाणी घातले तर मुळे कुजून खालची पाने पिवळी पडून गळतात. गळलेले पानही तितकेच खाजरे असते, त्यामुळे ते जमिनीवर पडू देऊ नका. बोट पेरभर मातीत घालून ती कोरडी लागली तरच पाणी द्या. छाटणी करताना हातमोजे घाला आणि चीक डोळ्यांपर्यंत जाऊ देऊ नका.

ओटीवर त्या जागी अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट लावता येईल. ही दोन्ही झाडे मांजरांना विषारी नाहीत. मनी प्लांट मात्र लावू नका, त्यातही हेच स्फटिक असतात. मांजरीला हिरवे चघळायची सवयच असेल, तर तिच्यासाठी एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा.