रिव्हॉल्वर, खंजीर आणि फायटर : जुनं हत्यार ‘चालू’ करून घ्यावं का?

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांच्या लोखंडी पेटीत तळहातात मावेल असं एक रिव्हॉल्वर निघालं. त्याला नळीच नाही. मूठ म्हणजे बोटं अडकवायचं पितळी फायटर आहे आणि ती घडी होऊन आत जाते. बाजूला छोटं नागमोडी पातंही आहे. ओळखीचे एक लेथवाले म्हणतात, सिलिंडर नवा करून त्यात पॉइंट टू-टूची काडतुसं बसवता येतील. करून घ्यावं का? एवढ्या जुन्या वस्तूला परवाना लागतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : करून घेऊ नका. लेथवाल्यांनाही आजच तसं सांगा. कारणं पुढे देते, पण त्याआधी एक तातडीची गोष्ट. सिलिंडरच्या कडेला बारीक खाचा असतील. त्यांतून पितळेच्या टाचणीसारखं काही बाहेर डोकावत असेल, तर आत काडतूस आहे. या जातीच्या काडतुसात टाचणी आडवी बसवलेली असते आणि तिच्यावर घोडा आपटला की बार होतो. म्हणजे नुसता वरून धक्का बसला तरी धोका आहे. काडतूस स्वतः काढायला जाऊ नका आणि घडी उघडझाप करून पाहुण्यांना दाखवूही नका. पेटी बंद करून कुलूप लावा.

तुमच्या वर्णनावरून आणि पाठवलेल्या फोटोवरून हे ‘अपाश’ रिव्हॉल्वर दिसतं. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या लुई डोल्न याने १८६० च्या दशकात ही रचना केली. सहा बारांचा सिलिंडर, घडीचा चाप, घडीची मूठ आणि घडीचं पातं, सगळं खिशात मावणारं. काडतूस ७ मिलिमीटरचं, टाचणीचं. ही काडतुसाची पद्धत फ्रान्सच्या काझिमीर लेफोशोने १८३० च्या दशकात रूढ केली. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तिथल्या गुंडांच्या टोळ्यांना ‘अपाश’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव या हत्याराला कायमचं चिकटलं. हत्यार मात्र त्या टोळ्यांच्या कितीतरी आधीचं.

भिंगातून सिलिंडर पाहिलात तर एक अंडाकृती शिक्का दिसेल. त्यात ‘ईएलजी’ ही अक्षरं आणि खाली तारा असतो. लिएजच्या सरकारी चाचणीघराची ती खूण. अंडाकृतीवर मुकुट असेल तर वस्तू १८९३ नंतर तपासलेली, नसेल तर त्याआधीची. पणजोबांनी ती बसऱ्याला घेतली की मुंबईच्या बंदरावर, हे शिक्का सांगणार नाही. पण त्यांच्या पलटणीचे कागद पेटीत असतील, तर ते या हत्याराइतकेच जपा.

आता नव्या सिलिंडरविषयी. नोकरीतली बहुतेक वर्षं मी संग्रहालयाच्या शस्त्रदालनात जतनाचं काम केलं. एकदा एका घराण्याचं असंच टाचणीचं रिव्हॉल्वर आमच्याकडे आलं. कुणा कारागिराने मूळ घोडा घासून सपाट केला होता आणि सिलिंडरमध्ये पोलादी नळ्या झाळल्या होत्या. शिक्के गेले आणि निर्मात्याचं नावही गेलं. उरलं ते ना जुनं, ना नवं. त्याची किंमत काय होईल असं घरच्यांनी विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. त्या धातूवर दीडशे वर्षांच्या काळाने जे लिहून ठेवलं होतं, ते एका दुपारी पुसलं गेलं होतं आणि कुठल्याही मेणाने किंवा रसायनाने ते परत येणार नव्हतं.

शिवाय असा बदल सुरक्षितही नसतो. ही हत्यारं काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूसाठी घडवली, त्या काळच्या मऊ लोखंडातून. आजच्या पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला २४,००० पौंडांपर्यंत मानला जातो. तुम्ही सिलिंडर उत्तम पोलादाचा बनवाल, पण त्याला धरून ठेवणारी चौकट आणि आस जुनाच राहणार. चापाभोवती कडं नाही, सुरक्षेचा खटका नाही. फुटलं तर बोटं जातील, तीही फायटरमध्ये अडकलेली बोटं.

कायद्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही, असं लोक मला छातीठोकपणे सांगतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अशी वयाची सूट नाही. कलम ४५ मध्ये जी सूट आहे ती कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे, पण एका अटीवर : ते दुरुस्त न करता किंवा दुरुस्त करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नसेल तरच. ‘दुरुस्त करूनही’ हे शब्द नीट वाचा. सिलिंडर बदलला की चालेल असं तुमचे लेथवाले म्हणतात, तेव्हा ती सूट मिळण्याचा तुमचा मुद्दाच ते कमजोर करतात. आणि सूट मिळाली नाही, तर परवान्याचा प्रश्न आलाच.

प्रत्यक्ष बदल केला तर प्रकरण आणखी गंभीर होतं. अग्निशस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात बदल करणं यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. नुसतं विनापरवाना जवळ बाळगण्याला दोन ते पाच वर्षं. घराण्याची आठवण म्हणून ठेवलं, एवढ्या कारणाने गुन्हा टळत नाही.

तेव्हा असं करा. हत्यार पिशवीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नका, वाटेत नाकाबंदी लागली तर समजावत बसाल. आधी वकिलांच्या सल्ल्याने ठाण्यात लेखी कळवा : पेटी कधी उघडली, काय निघालं, कोण हजर होतं. पंचनामा घरी होऊ द्या आणि जमा केल्याची पावती घ्या. कलम २१ खाली हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येतं. मग जिल्हाधिकारी कार्यालयात वारस म्हणून परवाना मागायचा, सूट मागायची की संग्रहालयाला द्यायचं, हे शांतपणे ठरवा. पेटीत पणजोबांच्या नावाचा जुना परवाना सापडला तर अर्जाला फार मदत होईल. ब्रिटिश काळातले परवाने लोक रद्दीत देतात, कृपा करून तसं करू नका.

घरात कुणी परदेशी गेला तर तिथे विकावं, असा विचार असेल तर तोही सोडा. शंभर वर्षांपुढच्या पुरावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेण्याला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे.

प्रश्न : मी नोकरीसाठी अमेरिकेत आहे, एच-वन-बी व्हिसावर. इथे ‘लमॅ’ रिव्हॉल्वरची इटालियन प्रतिकृती घेतली, दारू ठासून भरायची. दुकानदार म्हणाला, हिला कागदपत्रं लागत नाहीत. आता तिला आधुनिक काडतुसं लावायची आहेत, खालच्या नळीत छऱ्याचीसुद्धा. पुढे भारतात आणता येईल का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर : वस्तू सुरेख निवडलीत. न्यू ऑर्लिन्सच्या झाँ अलेक्झांडर लमॅने १८५६ मध्ये पेटंट घेतलेलं हे रिव्हॉल्वर. नऊ बारांचा सिलिंडर ज्या आसाभोवती फिरतो, तो आस म्हणजेच छऱ्यांची दुसरी नळी. अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या सैन्याने ते वापरलं.

पण तुमचा बेत मला घाबरवतो. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ‘अँटिक’ धरतात आणि ठासणीच्या प्रतिकृतीही त्यातच येतात. दुकानदार कागदपत्रं लागत नाहीत म्हणाला ते यामुळेच. काडतुसाचा सिलिंडर बसवलात की तुमच्या हातात संघराज्य कायद्याच्या दृष्टीने पूर्ण बंदूक आली. तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर आहात. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर अशा माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगणं तिथे गुन्हा आहे. तुमची नोकरी, घर, मुलांची शाळा, सगळं त्या व्हिसावर उभं आहे.

खालच्या गुळगुळीत नळीत छऱ्याचं काडतूस म्हणजे वेगळंच संकट. तसं हातात धरून झाडायचं हत्यार अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याच्या नोंदणीत येतं आणि परवानगी बदल करण्याआधी घ्यावी लागते, नंतर नाही. त्या कायद्याच्या भंगाला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. मूळ जुनं हत्यार असतं तरी त्या कायद्यात ‘काडतुसासाठी नव्याने रचलेलं’ म्हणून त्याची सूट गेली असती. राज्याचे नियम याशिवाय. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत ठासणीचीच मौज घ्या, आणि त्यानंतरही बदल करायचा तर बंदूक कायद्याच्या वकिलाला विचारूनच.

अमेरिकेची ही १८९८ ची सूट भारतात चालत नाही. आपल्याकडे कोकणात शेतकरी रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक ठेवतो, तीसुद्धा परवान्यावर. सामानात घालून आणू नका.

प्रश्न : वाड्यात एक कट्यार आहे, तिच्या दोन्ही अंगांना छोट्या पिस्तुलाच्या नळ्या आहेत. गंज चढलाय. चिंच-लिंबाने घासू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : अजिबात नको. आंबटाने गंजाबरोबर कोफ्तगरीची, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेल्या नक्षीची, सोन्याची तारही उठते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, सुती कापडात सैल गुंडाळा आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानातून बाहेर ठेवा, कारण चामडं ओल धरतं. नळ्या भरलेल्या आहेत का, हे परवानाधारक बंदूक कारागिराकडून घरीच तपासून घ्या. जुनी काळी दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. नळ्या आहेत म्हणजे ती नुसती कट्यार नाही, म्हणून सातारच्या वाचकांना लिहिलेलं कायद्याचं सगळं तुम्हालाही लागू आहे. फोटो पुन्हा पाठवा, मुठीच्या आतल्या बाजूचा, उन्हात काढलेला. नक्षीवरून ती कुठल्या भागातली, हे कदाचित सांगता येईल.