पडवीतल्या पिल्लांचे डोळे चिकटलेत, काय करू?

फोंड्यात ऐन पावसात पडवीत मांजर व्यालीय, तीन आठवड्यांच्या पिल्लांचे डोळे पिवळ्या चिपडांनी मिटलेत, असं तुम्ही लिहिलंय. डोळे ओढून उघडू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर डोळ्यावर ठेवा, चिपडं मऊ झाली की नाकाकडून बाहेर हलकेच पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. दिवसातून तीन-चारदा.

पण नुसत्या पुसण्याने हे बरं होत नाही. बहुधा हर्पिस विषाणू किंवा क्लॅमिडिया नावाचा जिवाणू असतो, म्हणून आज-उद्याच पशुवैद्याकडे न्या. मलम तेच ठरवतील. घरातले जुने ड्रॉप्स घालू नका, कृपा करून! त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल, तर डोळा कायमचा जाऊ शकतो. बुबुळ पांढुरकं दिसलं किंवा मिटल्या पापणीखाली सूज आली, तर त्याच दिवशी जा.

नाक चोंदलं की वास येत नाही, पिल्लू दूध सोडतं. रोज वजन करा. गाईचं दूध नको, जुलाब होतात. खोकं ओल्या जमिनीवरून उचलून कोरड्या, उबदार जागी ठेवा, आईसकट. पिल्लांना हात लावल्यावर आपले हात साबणाने धुवा.