डीएस लाईटची तारीख नीट केली आणि आरफोर कार्ड बंद पडलं – उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा मलाही वाटलं मायक्रोएसडी गेलं असणार. पण मधेच तुम्ही सहज एक गोष्ट लिहून गेलात आणि सगळी गंमत तिथेच आहे: भावाची जुनी डीएस लाईट (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) कपाटातून काढली, चार्ज केली, आरफोर क्लोन (गेमच्या कार्ट्रिजच्या जागी लावायचं, आत मायक्रोएसडी घालायचं आरफोर हे फ्लॅश कार्ड, त्याची नक्कल) लावलं, मेनू छान आला, मग घड्याळ 2000 साल दाखवतंय म्हणून तारीख नीट केली आणि दुसऱ्या दिवसापासून लोडिंगवरच अडकतंय. कार्ड मेलेलं नाहीये हो. तारीख नीट केलीत ना, तिथेच घोळ झाला.

बऱ्याच आरफोर क्लोनच्या कर्नलमध्ये, म्हणजे मायक्रोएसडीवर जो मेनूचा प्रोग्राम असतो त्यात, बनवणाऱ्यांनीच एक तारीख घालून ठेवलेली असते. घड्याळ त्याच्या पुढे गेलं की मेनू उघडत नाही, जा आता नवीन कार्ड घ्या. टाईमबॉम्ब म्हणतात याला. तुमची बॅटरी पूर्ण उतरली होती म्हणून घड्याळ मागे गेलं होतं आणि त्या नशिबावर पहिला दिवस चालला. खात्री करायची असेल तर सेटिंग्जमध्ये साल 2010 करा, मेनू आला तर हेच कारण. पण तारीख मागे ठेवून दिवस काढू नका, कर्नलच बदला.

कुठलं कर्नल ते स्टिकरवर अवलंबून. स्टिकरवर छापलेला वेबसाईटचा पत्ता नीट बघा, शेवटची दोन अक्षरंसुद्धा, त्यावरूनच कार्डाचं कूळ कळतं. अस्सल जुनं आरफोर असेल तर वूड आरफोर हे कर्नल, डीएसटीटी या दुसऱ्या फ्लॅश कार्डाच्या घराण्यातली जी असंख्य क्लोन आहेत त्यातल्या पुष्कळांवर वायएसमेनू चालतं. चुकीचं कर्नल टाकलंत तर फार काही होत नाही, चालू होत नाही एवढंच, कारण ते मायक्रोएसडीवर असतं, पुसून दुसरं टाकायचं. मात्र कार्डाची आतली फ्लॅश अपडेट करणारं एखादं टूल कुठे मिळालं आणि ते तुमच्याच कार्डाचं आहे याची खात्री नसेल तर हातसुद्धा लावू नका, त्याने कार्ड कायमचं जाऊ शकतं.

मायक्रोएसडीबद्दल थोडक्यात. फॉरमॅट करताना एफएटी32 निवडा, क्लस्टर (जागेचा एक तुकडा) 32 केबी, आणि 8 जीबी रग्गड झालं. अस्सल आरफोर तर 2 जीबीच्या वरचं ओळखतच नाही. नवीन मायक्रोएसडी घेतलंत तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून परत वाचून बघा. मला एकाने 32 जीबी म्हणून दिलेलं आत 4 जीबीसुद्धा नव्हतं, आणि मी दोन रविवार कर्नलला शिव्या घालत बसलो होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की स्वतः कंपाईल केलेला प्रोग्राम चालतो पण फाईल वाचताना पांढरी स्क्रीन येते. हे डीएलडीआयचं, म्हणजे कार्डाच्या ड्रायव्हरचं, प्रकरण. डीएसला एसडी कार्ड म्हणजे काय हे माहीतच नाही, तिला फक्त गेमचं कार्ट्रिज माहीत. एसडीशी बोलायची प्रत्येक फ्लॅश कार्डाची भाषा वेगळी. म्हणून चिश्म नावाच्या डेव्हलपरने अशी सोय काढली की होमब्रूच्या, म्हणजे आपण घरी बनवलेल्या प्रोग्रामच्या, डॉट एनडीएस फाईलमध्ये ड्रायव्हरसाठी एक रिकामी जागा ठेवायची आणि ज्याच्या त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर तिथे चिकटवायचा. चांगली कर्नलं प्रोग्राम सुरू करताना हे आपोआप करतात, जुनी करत नाहीत, मग पीसीवर हाताने पॅच करावं लागतं. ओळखायचं कसं, तर लिबएनडीएस या डीएससाठी प्रोग्राम लिहायच्या लायब्ररीच्या उदाहरणांतलं नुसतं हॅलो वर्ल्ड चालवा, त्यात फाईलचा संबंध नाही. ते चाललं आणि फाईल उघडणारं उदाहरण अडलं तर दोष तुमच्या कोडचा नाही. आणि हो, फॅट-इनिट-डिफॉल्ट हे कार्डावरच्या फाईली वाचायची तयारी करणारं फंक्शन काय परत देतंय ते तपासा आधी, फॉल्स आलं तर तिथेच थांबून स्क्रीनवर मेसेज छापा. ते न तपासता पुढे जाऊन रिकामा पॉइंटर वाचला की मिळाली पांढरी स्क्रीन.

पुतणीसाठी बाराखडीचा प्रोग्राम करायचाय म्हणालात, तो मी केलाय, म्हणून सांगतो. लिबएनडीएसच्या कन्सोलचा फॉन्ट म्हणजे 8 बाय 8 ची इंग्रजी अक्षरं, देवनागरी तिथे येणारच नाही. युनिकोड फॉन्ट टाकायच्या फंदात मी पडलो होतो, पण वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन बसवणं, जोडाक्षरं जुळवणं हे करणारं तिथे कुणी नाही, सगळं आपणच लिहायचं. 'कि' लिहिलं की आधी क आणि मग वेलांटी एकटीच उजवीकडे लटकलेली, पुतणी ते बघून 'काका चुकलं' म्हणायची. शेवटी सरळ पीसीवर प्रत्येक अक्षराचं चित्र बनवलं, ग्रिट नावाच्या टूलने डीएसला चालेल असं कन्व्हर्ट केलं आणि खालच्या टचस्क्रीनवर दाखवलं. स्क्रीन 256 बाय 192 आहे, एका वेळी एकच मोठं अक्षर ठेवा, पोरं स्टायलसने त्यावरून गिरवतात. मेमरी 4 एमबीच असते, सगळी चित्रं एकदम लोड करू नका, एक दाखवलं की सोडून पुढचं. कार्डावरून वाचायला वेळ लागेल अशी भीती होती, काही जाणवत नाही.

गेमच्या रॉम, म्हणजे गेमच्या कॉपी केलेल्या फाईली, कुठे मिळतील ते मात्र इथे विचारू नका, अजून तुम्ही विचारलं नाहीये पण पुढच्या कमेंटला कुणीतरी विचारतंच. अशा चोरीच्या कॉप्यांमुळेच 2009 मध्ये टोकियोच्या कोर्टाने आणि 2010 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने आरफोरसारख्या कार्डांच्या विक्रीविरुद्ध निकाल दिला, आणि होमब्रूलाही वापरता येतं हा बचाव लंडनला चालला नाही.

स्टिकरचा स्पष्ट फोटो टाका आणि 2010 करून काय झालं ते लिहा, म्हणजे कर्नलचं नाव सांगतो.