वॉरंटीतली मोटर जळाली आणि सेंटर म्हणतंय 'लो व्होल्टेज'

पलूसच्या दादांनी विचारलंय, आता काय करायचं? त्यांची सात महिन्यांची सबमर्सिबल (बोअरच्या पाण्यात बुडून चालणारी) मोटर दुसऱ्यांदा जळालीय आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय, "व्होल्टेज कमी होतं, वॉरंटीत बसत नाही." हेच वाक्य मी तासगावात ऐकलंय, तेही द्राक्षाची खरड छाटणी होऊन बाग पाण्यावाचून खोळंबलेली असताना.

बिल, वॉरंटी कार्ड जपा वगैरे सांगत बसत नाही. खरी मेख जॉब कार्डात, म्हणजे दुरुस्तीला घेताना सेंटर जी तक्रार लिहून घेतं त्या कागदात आहे. आमच्या सेंटरनं माझी मोटर घेताना त्यावर 'चालत नाही' एवढंच लिहिलं. उघडली आमच्या माघारी, जळकं वाइंडिंग (आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) भंगारात गेलं आणि मग त्याच कार्डावर वेगळ्या पेनानं 'लो व्होल्टेज' उमटलं! विचारायला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला मेल करा म्हणायचे, पुणं म्हणायचं डीलरला विचारा. पुढं ग्राहक आयोगात सगळं इथंच अडलं. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण पाठवायला मूळ वाइंडिंग शिल्लक पाहिजे ना? निम्म्या किमतीवर तडजोड झाली.

तुमची मोटर अजून उघडली नसेल तर समोर उभं राहून उघडायला लावा, व्हिडिओ काढा. जळके भाग परत मागा. देत नसतील तर तिथूनच कंपनीला तसा मेल टाका. पॅनेलवरचा व्होल्टमीटर, ओव्हरलोड रिलेचं (जादा करंट आला की मोटर बंद करणाऱ्या स्विचचं) सेटिंग, यांचेही फोटो हवेत. बोअरमधून मोटर काढणाऱ्याकडून चिठ्ठी घ्या, पाणी किती होतं त्याची. नाहीतर उद्या 'ड्राय रन', म्हणजे पाण्याशिवाय मोटर चालवली, म्हणतील.

मी वकील नाही, पण एवढं कळलंय: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीलाच तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पार्टी (विरुद्ध पक्ष) करा. 'शेती म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही' असा मुद्दा ते काढतीलच. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी वापरात धरत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पण ती हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम काढत नाही. आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षं, आणि कंपनीच्या "पुढच्या आठवड्यात बघतो"वाल्या मेलांनी ती वाढत नाही.

निकाल 3 महिन्यांत, तपासणी असेल तर 5 महिन्यांत, असं कायद्यात आहे. त्या भरवशावर बाग वाळवू नका. भाड्यानं मोटर आणा आणि त्याची पावती ठेवा, तो खर्च भरपाईत मागता येतो.